इव्हॅपोरेटरचा डिजिटल ट्विन: 2023-24 च्या गाळप हंगामातल्या नोंदी

9 ऑक्टोबर 2023

प्रस्ताव मंजूर झाला, पण कापून. मूळ कागदात सगळ्या साखर कारखान्याचा डिजिटल ट्विन, म्हणजे खऱ्या यंत्रामागोमाग बदलणारी त्याची संगणकातली प्रत, होता: मिल, बॉयलर, टर्बाइन, बॉयलिंग हाऊस (रसाची साखर करणारा विभाग). चीफ केमिस्ट साहेबांनी पेन्सिलने तीन पानं आडवी मारली आणि म्हणाले, "मॅडम, जिथे रोज भांडण होतं ते एक ठिकाण घ्या." भांडण होतं ते इव्हॅपोरेटरवर, म्हणजे रस आटवून सिरप करणाऱ्या सेटवर. सेट कधी धुवायचा, यावर प्रोसेस, इंजिनिअरिंग आणि केन यार्ड (उसाच्या गाड्या घेणारा विभाग) या तिघांची तीन मतं असतात.

कामाची रूपरेषा लिहून ठेवते. कारखाना भीमाकाठचा, रोजचं गाळप 5000 टन. इव्हॅपोरेटर क्विंटपल, म्हणजे एकापुढे एक पाच बॉडी (नळ्या बसवलेली बंद पात्रं). पहिल्या बॉडीला टर्बाइनची एक्झॉस्ट, म्हणजे टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली, वाफ मिळते. तिथे रसातून उडालेली वाफ दुसऱ्या बॉडीला तापवते, दुसरीची तिसरीला, आणि शेवटची बॉडी व्हॅक्यूमवर चालते. ही कल्पना नॉर्बर्ट रिल्यू यांची, अमेरिकेतलं पेटंट 1843 चं. एक टन वाफेत पाच टनांच्या आसपास पाणी उडतं ते यामुळेच. आपल्या सेटमध्ये तासाला 210 टन क्लिअर ज्यूस (गाळ काढलेला रस) 14 ब्रिक्सने (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचे टक्के) आत जातो आणि सिरप 60 ब्रिक्सने बाहेर येतं. हिशेब केला तर तासाला 161 टन पाणी उडवावं लागतं.

नळ्यांना आतून थर धरतो आणि तो चालू हंगामात कुणाला दिसत नाही. ट्विनने हेच सांगायचं आहे: आज, आत्ता, कुठल्या बॉडीत किती थर आहे.

17 ऑक्टोबर

पुण्याहून एक विक्रेते सादरीकरण देऊन गेले. पडद्यावर त्रिमितीय कारखाना, कॅमेरा पाइपांमधून उडत जातोय, बॉडीवर क्लिक केलं की आकडा तरंगतो. संचालक मंडळ खूश. मी विचारलं की प्रेशर ट्रान्समीटर चुकीचा दाखवत असेल तर हे चित्र काय करेल? ते म्हणाले, चुकीचा आकडा दाखवेल.

चित्राला मी नावं ठेवत नाही. जिथे जागेचा प्रश्न आहे तिथे चित्रच कामाचं. बीएमडब्ल्यूने हंगेरीतल्या डेब्रेत्सेनचा कारखाना याच मार्चमध्ये आधी संगणकात 'सुरू' केला, प्रत्यक्ष उत्पादन 2025 मध्ये व्हायचं आहे. रोबोचा हात कुठे अडतो, ट्रॉली वळेल का, हे सिमेंट ओतायच्या आधी कळलं तर पैसे वाचतात. आमची बॉडी मात्र जागेवरच आहे, ती कुठे जात नाही. आम्हाला आकार नको, उष्णतेचा हिशेब हवा.

24 ऑक्टोबर, दसरा

पूजा झाली, दुपारी निवांत वाचन. या कल्पनेचं मूळ सांगताना बहुतेक जण 1970 च्या अपोलो 13 पासून सुरुवात करतात. ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर नासाने जमिनीवरचे सिम्युलेटर यानाच्या बदललेल्या अवस्थेप्रमाणे जुळवून घेतले आणि परतीच्या सूचना आधी तिथे करून पाहिल्या. आजच्या अर्थाची मांडणी मायकेल ग्रीव्हज यांनी 2002 मध्ये मिशिगन विद्यापीठात केली: खरी वस्तू, तिची संगणकातली प्रत, आणि दोघांमध्ये सतत वाहणारी माहिती. 'डिजिटल ट्विन' या नावाचं श्रेय नासाच्या जॉन व्हिकर्स यांना दिलं जातं. उत्पादन क्षेत्रासाठी आयएसओ 23247 ही मानकमाला 2021 मध्ये आली.

मला यातला तिसरा भाग महत्त्वाचा वाटतो. मॉडेल काय, आम्ही पदवीच्या तिसऱ्या वर्षीही केलं होतं. बॉडी कोरी असतानाचं गणित आयुष्यभर कोरंच राहतं. खरी बॉडी रोज थोडी बदलते, आणि मॉडेलने तिच्यामागोमाग बदलायचं, यात सगळी मेहनत आहे.

2 नोव्हेंबर

मोळी टाकून गाळप सुरू झालं. पहिले काही दिवस आकड्यांना हात लावणार नाही, मिल अजून थांबत-चालत आहे.

10 नोव्हेंबर

माहितीची जोडणी झाली. डीसीएसमधून (कारखाना चालवणारी संगणकप्रणाली) ओपीसी यूए या माहिती-देवाणघेवाणीच्या मानकामार्गे दर 10 सेकंदांनी आकडे येतात: पाचही बॉडींचा दाब आणि तापमान, एक्झॉस्ट वाफेचा प्रवाह, ज्यूसचा मॅग्नेटिक फ्लोमीटर, सिरपची घनता. क्लिअर ज्यूसचा ब्रिक्स मात्र लॅबच्या रजिस्टरमधून येतो.

आलेल्या आकड्यांवर पहिली चाळणी लावली. संपृक्त वाफेचा दाब ठरला की तापमान ठरतं, दोन्ही स्वतंत्रपणे मोजले तर एकमेकांची साक्ष काढता येते. दुसऱ्या बॉडीची साक्ष जुळेना. ट्रान्समीटरची इम्पल्स लाइन, म्हणजे त्याच्यापर्यंत दाब पोचवणारी बारीक नळी, अर्धी चोंदली होती. इन्स्ट्रुमेंटच्या फिटरने ती फुंकून साफ केली आणि आकडा जागेवर आला. मॉडेलची एक ओळ चालायच्या आधीच ट्विनने एक काम केलं, असं साहेबांना सांगितलं. ते हसले, पण लिहून घेतलं.

14 नोव्हेंबर, पाडवा

घन पदार्थांचा ताळेबंद जुळत नाही. ज्यूसमधून जितके विद्राव्य पदार्थ आत जातात तितकेच सिरपमधून बाहेर यायला हवेत, इव्हॅपोरेटर फक्त पाणी उडवतो. इथे कधी तीन टक्के जास्त, कधी चार टक्के कमी.

कारण वेळेत सापडलं. लॅब दोन तासांचा मिश्र नमुना घेते आणि नोंद शेवटच्या तासावर करते, म्हणजे आकडा सरासरी एक तास जुना. शिवाय आज पहिल्या बॉडीत शिरलेला रस सिरप होऊन बाहेर पडायलाही वेळ घेतो. दोन्ही विलंब धरून आकडे सरकवले आणि तफावत एका टक्क्याच्या आत आली. पुस्तकी लेखांत या कामाला दोन ओळी असतात, प्रत्यक्षात प्रकल्पाचा मोठा वेळ यातच जातो.

21 नोव्हेंबर

मॉडेलचा गाभा तयार. पाच बॉडींचे पाच वस्तुमान-ताळेबंद, पाच उष्णता-ताळेबंद. प्रत्येक बॉडीत उष्णता किती जाते ते तीन गोष्टींवर ठरतं: नळ्यांचं क्षेत्रफळ, दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक, आणि उष्णता वाहून जाण्याचा गुणांक. पहिली ड्रॉइंगमध्ये आहे, दुसरी मोजता येते, तिसरा अज्ञात. थर वाढला की हा गुणांक घसरतो.

क्षेत्रफळावरून थोडी चर्चा झाली. गळक्या नळ्यांना गुडद्या मारलेल्या आहेत, त्या वजा करायच्या का? 45 मिलिमीटर व्यासाची दोन मीटर नळी म्हणजे 0.28 चौरस मीटर. पन्नास नळ्या बंद असल्या तरी 14 चौरस मीटर, आणि बॉडी दोन हजारांची. सोडून दिलं.

स्वच्छ बॉडीचा गुणांक किती धरायचा, यासाठी डेसिनचं जुनं सूत्र घेतलं: 100 मधून ब्रिक्स वजा, वाफेच्या तापमानातून 54 वजा, दोघांचा गुणाकार, आणि त्याचा हजारावा भाग. उत्तर येतं ते दर चौरस मीटरला, दर तासाला, दर अंशामागे किती किलो पाणी उडेल याचं. पहिल्या बॉडीत 20 ब्रिक्स आणि 120 अंश धरले तर 5.3 येतात. शेवटच्या बॉडीत 60 ब्रिक्स आणि 76 अंश धरले तर 0.9. एकाच सेटमध्ये सहापट फरक! दाट सिरप आणि कमी तापमान, दोन्ही एकदम नडतात. वरून दाट सिरप पाण्यापेक्षा दोन-तीन अंश वर उकळतं, तो फरकही हातचा जातो.

सूत्र फक्त सुरुवातीसाठी. पुढे दर दहा मिनिटांनी कालमन फिल्टर मोजलेले आणि मॉडेलचे आकडे शेजारी ठेवतो आणि गुणांक थोडा हलवतो. किती हलवायचा हे आपला मोजमापावर किती भरवसा आणि मॉडेलवर किती, यावरून ठरतं. 1960 चं गणित आहे, अजून रोज कामाला येतं.

28 नोव्हेंबर

अवकाळीने दोन दिवस तोडणी थंडावली. फडातून येतोय तो ऊस चिखलाने माखलेला. रसातला गाळ खाली बसवणाऱ्या क्लॅरिफायरवर ताण आहे.

5 डिसेंबर

रात्रपाळीत ट्विनने तिसऱ्या बॉडीला लाल केलं. गुणांक स्वच्छच्या 82 टक्क्यांवरून 61 वर आला, तोही चार तासांत. पहिला अंदाज सगळ्यांचा एकच: चिखलाचा ऊस, थर धरला.

इव्हॅपोरेटरवरचे मामा तीस-एक हंगाम याच प्लॅटफॉर्मवर उभे आहेत. ते म्हणाले, "थर एका रात्रीत धरत नाय मॅडम. गॅस कोंडलाय." कॅलेंड्रियाच्या (नळ्यांभोवतीचा वाफेचा कप्पा) व्हेंटजवळ, म्हणजे साचलेले वायू सोडण्याच्या वाटेजवळ, थर्मामीटर लावला. दाबाच्या हिशेबाने तिथे 100 अंश हवेत, दिसले 96. चार अंशांच्या या फरकातून काढलं तर तिथल्या मिश्रणाचा सातवा-आठवा हिस्सा वाफ नसून हवा आणि न गोठणारे वायू आहेत. ते नळीभोवती पांघरुणासारखे बसतात आणि वाफेला नळीपर्यंत पोचू देत नाहीत. वाफ वाचवायला कुणीतरी व्हेंट व्हॉल्व जास्तच आवळला होता. उघडल्यावर दोन तासांत गुणांक 80.

या प्रकरणाचा अर्थ मोठा आहे. ट्विनला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे उष्णता कमी जाते. थर असो, कोंडलेला वायू असो, की कंडेन्सेट (वाफ निवून झालेलं पाणी) न निघाल्याने नळ्यांचा खालचा भाग पाण्यात बुडालेला असो, तिन्हींचा दोष तो एकाच गुणांकावर टाकतो. म्हणून घसरणीचा वेग वेगळा काढला. दिवसागणिक टक्का-दीड टक्का उतरत असेल तर थर. तासांत उतरला तर पडद्यावर आधी 'व्हेंट आणि कंडेन्सेट पाहा' असं येईल. पाचही बॉडी एकदम हलल्या तर बॉडी सोडा, फ्लोमीटर तपासा. हे नियम मामांना विचारून लिहिले, त्यांनी कंडेन्सेटचा स्वतःहून सांगितला.

9 डिसेंबर

केंद्राचा 7 तारखेचा आदेश कालच हातात पडला: या वर्षी उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वापरायचं नाही. आतापर्यंत सिरपचा एक भाग डिस्टिलरीला जात होता, आता सगळा पॅनवर, म्हणजे सिरप उकळून साखरेचे दाणे करणाऱ्या भांड्यांवर. पॅन वाढले की त्यांना लागणारी व्हेपर (रसातून उडालेली वाफ) वाढते, आणि ती पहिल्या-दुसऱ्या बॉडीतून काढली जाते. थोडक्यात सेटचं सगळं गणित बदललं.

प्रकल्पासाठी ही चाचणी आपसूक झाली. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने मागच्या दोन हंगामांच्या आकड्यांवर शिकवलेलं एक न्यूरल नेटवर्क शेजारी चालवायला दिलं होतं. नोव्हेंबरभर सिरपच्या ब्रिक्सचा अंदाज ते माझ्या मॉडेलपेक्षा अचूक देत होतं, खोटं कशाला बोलू. परवापासून ते सलग दोन-अडीच ब्रिक्स वर सांगतंय. सगळं सिरप पॅनवर जाण्याची अवस्था त्याने फारशी पाहिलेलीच नाही. ताळेबंदावरचं मॉडेल टिकलं, कारण पाणी आणि उष्णता यांना आदेश लागू होत नाही.

पण टिकलं तेही एका अटीवर. पॅनला किती व्हेपर जाते हे मोजणारं मीटरच आपल्याकडे नाही. किती पॅन उकळीवर आहेत आणि त्यांचे व्हॉल्व किती उघडे आहेत, यावरून ती काढावी लागते. बॅच पॅन सुरुवातीला वाफ ओढतो, शेवटी मंदावतो, त्यामुळे अंदाज दर तासाला हेलकावतो.

16 डिसेंबर

काल केंद्राने पुन्हा सूट दिली, देशभर मिळून 17 लाख टन साखर वळवण्याच्या मर्यादेत. आमच्या वाट्याला काय येतं ते ठरेल तेव्हा ठरेल. तोवर मैत्रिणीचं मॉडेल बंद केलं नाही. आता ते फक्त माझ्या मॉडेलची उरलेली चूक शिकतं, ब्रिक्स स्वतःहून सांगत नाही. जोडी बरी जमली.

3 जानेवारी 2024

ट्विनचा दुसरा उपयोग: करून न पाहता बघणं. साहेबांचा जुना विचार आहे की रॉ ज्यूस हीटरच्या पहिल्या टप्प्याला दुसऱ्या बॉडीऐवजी तिसऱ्या बॉडीची व्हेपर द्यावी. रिल्यूंचा नियम हाताने लावला तर तासाला 10 टन व्हेपर एक बॉडी पुढे सरकवली की एक्झॉस्टचे 2 टन वाचतात, कारण तीच वाफ बाहेर पडण्याआधी आणखी एका बॉडीत राबते.

मॉडेलमध्ये स्वच्छ बॉडी ठेवल्या तर उत्तर जवळपास तेच येतं. आजच्या मळलेल्या बॉडी ठेवल्या तर चित्र पालटतं. तिसरीवर भार वाढतो, तिला तो पेलत नाही, आणि सिरप 60 वर टिकवायचं तर एक्झॉस्टचा दाब वाढवावा लागतो. दाब वाढला की पहिल्या बॉडीत रस जास्त तापतो, रंग चढतो, साखरेचं इन्व्हर्जन (फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होणं) वाढतं. पाइपलाइन बदलायची तर तिसरीचं क्षेत्रफळही वाढवायला हवं. ही गोष्ट हाताच्या हिशेबात दिसली नसती, निदान माझ्या तरी.

11 जानेवारी

धुण्याचा निर्णय. ट्विनप्रमाणे आजची अवस्था, स्वच्छच्या तुलनेत: पहिली 84 टक्के, दुसरी 81, तिसरी 74, चौथी 58, पाचवी 55. सिरप 56 ब्रिक्सवर आलंय. 60 च्या जागी 56 म्हणजे तासाला साडेतीन टन, दिवसाला 84 टन पाणी इव्हॅपोरेटरने न उडवता पॅनच्या गळ्यात घातलं. सेटमध्ये एक टन वाफ पाच टनांना पुरते, पॅनमध्ये जेमतेम टनाला टन. एक्झॉस्ट कमी पडली की पीआरडीएस (वाफेचा दाब आणि तापमान उतरवणारी व्यवस्था) उघडून बॉयलरची वाफ टर्बाइनला वगळून आणावी लागते, आणि तेवढी वीज निर्यातीतून जाते.

नेहमीचा रिवाज सगळा सेट ठरल्या तारखेला धुण्याचा. मी सुचवलं की चौथी-पाचवी आताच, बाकीच्या थांबू शकतात. केन यार्डचं म्हणणं की गाड्या उभ्या राहिल्या तर शेतकरी आम्हाला धरतात, तुमच्या पडद्याला नाही. बरोबरच आहे. शेवटी तारीख संक्रांतीला जोडून ठरली, 15 तारखेला टोळ्या सुट्टीवर असतात आणि ऊस तसाही कमी येतो. ट्विनने तारीख दिली नाही, फक्त आणखी चार दिवस थांबण्याची किंमत सांगितली.

17 जानेवारी

कॉस्टिक सोडा उकळून चौथी आणि पाचवी धुतल्या. सुरू झाल्यावर चौथी 91 टक्क्यांवर, पाचवी 76 वर अडली. सिरप 60 वर आलंय, त्यामुळे कुणाची तक्रार नाही. पाचवीत मागे राहिलेला थर सिलिकाचा असावा, तो मागच्या बॉडींतच जास्त बसतो आणि नुसत्या कॉस्टिकला दाद देत नाही. हंगामाच्या शेवटी उघडून बघायचं.

8 फेब्रुवारी

साहेबांनी एक चांगला प्रश्न विचारला: हे स्वतः व्हॉल्व फिरवणार का?

2018 च्या एका बऱ्याच उद्धृत होणाऱ्या शोधनिबंधात तीन पायऱ्या केल्या आहेत. माहिती दोन्हीकडे हातानेच जात असेल तर ते डिजिटल मॉडेल. यंत्राकडून संगणकाकडे आपोआप येत असेल तर डिजिटल शॅडो. दोन्ही दिशांनी आपोआप, तरच ट्विन. या मापाने माझं काम दुसऱ्या पायरीवर आहे आणि सादरीकरणातलं शीर्षक थोडं फुगवलेलं. परतीचा रस्ता मामांच्या हातातून जातो.

या हंगामात तो तसाच ठेवावा, असं मी लिहून दिलं. विमानाच्या इंजिनाचा ट्विनसुद्धा बरेचदा एवढंच ठरवतो की इंजिन तपासणीला कधी उतरवायचं. डिसेंबरच्या त्या रात्री संगणकाच्या हातात व्हॉल्व असता तर त्याने तिसरीला मळलेली समजून एक्झॉस्टचा दाब चढवला असता, आणि व्हेंट बंदचा बंद राहिला असता. व्हेंटचं तापमान मोजायची सोय झाली की मग आपोआप नियंत्रणाचा एकच लूप जोडायचा विचार करू: एक्झॉस्टच्या दाबाचा सेटपॉइंट, तोही ठरावीक मर्यादेत.

22 फेब्रुवारी

ज्यूस फ्लोमीटर सरकतोय. पाचही बॉडी एकदम दोन टक्के 'सुधारल्या'. डिसेंबरचा नियम कामी आला.

19 मार्च

पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, आठवडा झाला. बॉडी उघडल्या, टॉर्च घेऊन चौथीत आणि पाचवीत उतरले.

चौथीचा थर करडा, ब्रशने सुटणारा, मॉडेलने सांगितला त्याच्या आसपास. पाचवीत मात्र काचेसारखा कडक पापुद्रा, कॉस्टिकला पुरून उरलेला. तो सगळ्या नळ्यांत सारखा नाही. डाउनटेकच्या (रस खाली उतरण्याची रुंद वाट) एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला नळ्या जवळपास चकाकत होत्या. माझं मॉडेल प्रत्येक बॉडीला एकच गुणांक देतं, त्यामुळे बेरीज बरोबर आली पण जाडी कुठे आहे हे त्याला कळलं नाही. रसाचं फिरणं त्या बाजूला मंद असणार. फीड रिंगची (रस आत सोडणारी कडी) भोकं तपासायला फिटरला सांगितलं, निम्मी बुजलेली निघाली.

पावसाळ्यातल्या ऑफ-सीझनची कामं इंजिनिअरिंगकडे दिली: पाचही बॉडींच्या व्हेंटवर आरटीडी (तापमानाचे सेन्सर), पॅनच्या व्हेपर लाइनवर प्रवाहमापक, क्लिअर ज्यूसला ऑनलाइन रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्समापक), पाचवीला हाय-प्रेशर वॉटर जेट, नवी फीड रिंग. रिफ्रॅक्टोमीटर खरेदी समितीने पुढच्या वर्षावर ढकलला आहे. म्हणजे लॅबच्या रजिस्टरची वेळ सरकवण्याचं काम अजून एक हंगाम माझ्याकडे. त्याऐवजी नमुन्याची खरी वेळ लिहायला एक वेगळा रकाना मागितलाय. लॅब इन्चार्ज म्हणाल्या, छापखान्याला सांगते.